खानदेशातून भूभौतिकीकडे: बारावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंतची वाट

भूभौतिकी शिकायची आहे, असे जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याने घरी सांगितले, तर पहिला प्रश्न बहुधा 'म्हणजे भूगोलच ना?' असा येतो आणि पाठोपाठ 'पण नोकरी कुठे लागते?' असा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. या शास्त्राचे नाते भूगोलापेक्षा भौतिकशास्त्राशी अधिक जवळचे आहे. जमीन न खोदता खालच्या खडकांचे घनत्व, चुंबकत्व, विद्युतरोध आणि त्यांतून धावणाऱ्या लहरींचा वेग मोजायचा आणि त्या मोजमापांवरून खाली काय आहे व किती खोल आहे याचा अंदाज बांधायचा, हे भूभौतिकीचे काम होय. भूजल, खनिज तेल, धातूंची खनिजे, धरणांचा व बोगद्यांचा पाया आणि भूकंप अशा सर्व क्षेत्रांत ती लागते. नोकरीचे उत्तर लेखाच्या अखेरीस दिले आहे.

खानदेशातील विद्यार्थ्याने एक गोष्ट आधी नीट समजून घ्यावी. या शाखेत शिरण्यासाठी भूशास्त्राची पदवी हातात असलीच पाहिजे असे नाही. भौतिकशास्त्र आणि गणित पक्के असलेल्या विद्यार्थ्याला भूभौतिकीत भूशास्त्र शिकवता येते. उलट दिशेने जाताना मात्र अनेकांची दमछाक होते. हे दोन विषय शिकवणारी विज्ञान महाविद्यालये जळगाव, अमळनेर, धुळे, नंदुरबार, शहादा अशा गावांत आहेत, त्यामुळे पहिली तीन वर्षे घराजवळ काढूनही देशातील उत्तम विभागापर्यंत पोचता येते.

अकरावी-बारावी: गणित सोडू नये

आपल्याकडे गुण चांगले असले की 'बायोलॉजी' घ्यावी, असा आग्रह असतो आणि गणित वजा झालेला पीसीबी ग्रुप अनेकांच्या वाट्याला येतो. भूभौतिकीचा थोडाही विचार मनात असेल, तर गणित हवेच. बारावीनंतर थेट पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाला जायचे असेल, तर जेईई मेन आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्ड हा मार्ग आहे. आयआयटी खरगपूरच्या भूशास्त्र व भूभौतिकी विभागात एक्सप्लोरेशन जिओफिजिक्स आणि धनबादच्या आयआयटी-आयएसएममध्ये अप्लाइड जिओफिजिक्स हे विषय याच परीक्षेतून मिळतात. संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या तुलनेत या शाखा बऱ्याच खालच्या क्रमांकापर्यंत जातात, म्हणून समुपदेशनाच्या वेळी पसंतीक्रम भरताना त्यांचा विचार करावा. मात्र केवळ आयआयटीचा शिक्का मिळावा म्हणून ही शाखा घेणाऱ्यांना दुसऱ्या वर्षापासून ती जड जाते, हेही तितकेच खरे आहे.

जेईई जमली नाही, तर वर्ष वाया घालवून पुन्हा पुन्हा बसण्यापेक्षा बीएस्सीला प्रवेश घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण तीन वर्षांनी त्याच संस्थांचे दुसरे दार उघडते.

बीएस्सी: विषय निवडताना घ्यायची काळजी

खानदेशातील महाविद्यालये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९९० साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या जळगाव येथील परिसरात पर्यावरण व भूविज्ञान प्रशाळा आहे. तिथल्या प्राध्यापकांना भेटून आपली आवड सांगावी आणि त्यांच्या ग्रंथालयातील पुस्तके निदान चाळून पाहावीत.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य आणि दुय्यम विषय निवडावे लागतात. भौतिकशास्त्र मुख्य आणि गणित दुय्यम ही जोडी सर्वांत सोयीची ठरते. अनेक विद्यार्थी औषध कंपन्यांतील नोकरीकडे पाहून रसायनशास्त्राकडे वळतात आणि गणित पहिल्या वर्षातच सोडून देतात. भूभौतिकीच्या बहुतेक अभ्यासक्रमांना गणित आणि भौतिकशास्त्र हे दोन्ही विषय पदवीच्या किमान काही सत्रांत शिकलेले असावे लागतात, त्यामुळे गुणवत्ता यादीत नाव लागूनही पात्रतेच्या अटीवर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. ज्या संस्थेत जायचे तिच्या माहितीपुस्तिकेतील पात्रतेचे पान बीएस्सीच्या पहिल्याच वर्षी वाचावे आणि आपले विषय त्याच्याशी ताडून पाहावेत.

अभ्यासक्रमातील काही प्रकरणे परीक्षेपुरती न वाचता कायमची शिकावीत. गणितात सदिश कलनशास्त्र, विकल समीकरणे, मॅट्रिक्स आणि फुरिये मालिका. भौतिकशास्त्रात गुरुत्वीय व विद्युत विभव, लाप्लासचे समीकरण, तरंगगती, स्नेलचा नियम आणि मॅक्सवेलची समीकरणे. भूकंपाची लहर एका थरातून दुसऱ्या थरात जाताना वळते ती त्याच स्नेलच्या नियमाने, जो आपण काचेच्या ठोकळ्यावर टाचण्या टोचून शिकलेलो असतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने संज्ञा इंग्रजीतून पाठ कराव्यात, पण सिद्धता स्वतःच्या भाषेत वहीवर उतरवून काढाव्यात. इंग्रजी वाक्ये घोकून सिद्धता येत नाही.

घराजवळची जमीन वाचणे

या पायरीकडे प्रवेशाच्या धावपळीत कोणी लक्ष देत नाही. माझ्या मते मात्र खानदेशातील विद्यार्थ्याचा खरा लाभ इथेच आहे, कारण एवढ्या लहान प्रदेशात भूभौतिकीला इतके विषय क्वचितच मिळतात.

धुळे, साक्री, नंदुरबार या भागात दख्खनच्या बेसाल्टचे थर आणि त्यांना चिरून वर आलेले डोलेराइट या कठीण आग्नेय खडकाचे डाइक, म्हणजे उभ्या भिंतीसारखे पट्टे, आहेत. लांबच लांब सरळ टेकाडांच्या रांगा म्हणून ते नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. डाइकमुळे भूजलाचा प्रवाह कुठे अडतो, तर कुठे त्याच्या भेगांमधून वाट मिळते, आणि चुंबकत्वमापकावर त्याच्या आडवे चालत गेले की क्षेत्राचा आलेख उसळतो किंवा खचतो. चोपडा, यावल, रावेर या बाजूला मात्र चित्र अगदी वेगळे आहे. तिथे तापीने आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर आहेत आणि सातपुड्याच्या पायथ्याशी मोठे गोटे, वाळू व माती यांचा बझाडा म्हणून ओळखला जाणारा पट्टा आहे. डोंगरावरून येणारे पाणी या पट्ट्यात मुरते, आणि त्याच्या दक्षिणेला केळीच्या बागांसाठी होणारा उपसा मोठा असल्याने कूपनलिका वर्षागणिक खोल चालल्या आहेत. अडावदजवळील उनपदेवचे गरम पाण्याचे झरेही याच पायथ्याला आहेत.

याच प्रदेशातून सोन-नर्मदा-तापी हा भारतीय कवचातील, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरील खडकाळ थरातील, मोठा रेषीय पट्टा जातो. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सुमारे सव्वासहा तीव्रतेचा भूकंप झाला होता. 'आपल्याकडे भूकंप होत नाहीत' असे सांगणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने मध्य प्रदेशातील थुआदरापासून सेंधव्यावरून तापी ओलांडून सिंदाडपर्यंत खोल भूकंपीय सर्वेक्षणाची रेषा घेतली होती. सुरुंगाच्या स्फोटाने निर्माण केलेल्या लहरींची नोंद करून कवचाची रचना आणि बेसाल्टची जाडी शोधणे हा तिचा हेतू होता, आणि नर्मदा-तापी प्रदेशात बेसाल्टखाली त्याहून जुने, मध्यजीव काळातील गाळाचे खडक दडलेले असल्याचा निष्कर्ष अशा सर्वेक्षणांतून निघाला. आपल्या शेताखाली किती मीटर काळा पाषाण आहे आणि त्याच्याखाली काय आहे, हा प्रश्न केवळ विहीर खोदणाऱ्याचा नाही, एवढे यावरून कळते.

प्रत्यक्ष मोजणी पाहायची असेल, तर विद्युतरोध सर्वेक्षण सर्वांत सहज पाहायला मिळते. कूपनलिकेची जागा ठरवण्यासाठी खाजगी सल्लागार ते करतात, आणि राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला महाविद्यालयाचे पत्र देऊन विनंती करता येते. जमिनीत चार सळ्या एका रेषेत ठोकतात. बाहेरच्या दोन सळ्यांतून विद्युतप्रवाह सोडतात आणि आतल्या दोन सळ्यांमधील विभवांतर मोजतात. बाहेरच्या सळ्या टप्प्याटप्प्याने दूर नेल्या की प्रवाह अधिक खोल जातो आणि मापनावर खालच्या थरांचा प्रभाव वाढत जातो. शुल्मबर्जर नावाच्या अशा चार सळ्यांच्या मांडणीत बाहेरची सळी मध्यबिंदूपासून २० मीटरवर आणि आतली २ मीटरवर असेल, तर मांडणीचा गुणक (रोधाला याने गुणले की विद्युतरोधकता मिळते) असा निघतो: २० चा वर्ग ४००, त्यातून २ चा वर्ग ४ वजा केला की ३९६, त्याला आतल्या दोन सळ्यांमधील अंतराने, म्हणजे ४ ने, भागून पायने गुणले की सुमारे ३११. यंत्रावर २०० मिलीअँपिअर प्रवाहाला २४ मिलीव्होल्ट विभवांतर दिसले, तर रोध ०.१२ ओहम आणि आभासी, म्हणजे सर्व थरांचा एकत्रित परिणाम दाखवणारी, विद्युतरोधकता सुमारे ३७ ओहम-मीटर. अशा वाचनांचे बिंदू दोन्ही अक्षांवर लॉग मोजपट्टी असलेल्या कागदावर मांडून वक्र काढतात.

हा वक्र वाचताना कस लागतो. ओलसर काळी माती प्रवाह सहज वाहून नेते, म्हणून सुरुवातीचे आकडे लहान येतात. मुरूम आणि पाणी धरणारा मांजऱ्या (सच्छिद्र बेसाल्ट) खडक लागला की ते मध्यम होतात. अखंड काळ्या पाषाणावर पोचताच वक्र चढू लागतो. पण दोन बेसाल्ट थरांमधला गेरूचा पातळ पट्टा खोलवर असेल, तर वक्रात त्याचा मागमूसही दिसत नाही. गाळाच्या प्रदेशात खारे पाणी भरलेली वाळू आणि चिकणमाती यांचे आकडे जवळपास सारखे येतात. म्हणजे एकाच मोजमापाला खालच्या रचनेची अनेक उत्तरे चालतात, आणि त्यांतले संभाव्य उत्तर निवडायला जवळच्या विहिरीची नोंद व भूशास्त्राचे ज्ञान लागते. हा अनेकार्थीपणा भूभौतिकीच्या सर्व पद्धतींना लागू आहे. हातात नारळ किंवा दुबेळक्याची काठी घेऊन पाणी दाखवणारा पाणाड्या कधीच 'कदाचित' म्हणत नाही, आणि शेतकऱ्याला त्याचा भरवसा वाटण्याचे हे एक मोठे कारण असावे. भूभौतिकीच्या विद्यार्थ्याला मात्र आपल्या उत्तरातील अनिश्चितता सांगूनच लोकांचा विश्वास मिळवावा लागतो.

मोजणी पाहायला गेल्यावर यंत्रापेक्षा माणसांच्या हातांकडे लक्ष द्यावे. मे महिन्यात काळी जमीन भेगाळलेली असते, तेव्हा सळीचा जमिनीशी संपर्क नीट होत नाही आणि सळीभोवती मिठाचे पाणी ओतावे लागते. तारेच्या कुंपणाला समांतर किंवा विजेच्या वाहिनीखाली मांडणी केली, तर वाचन बिघडते. एखादे वाचन शेजारच्या वाचनांशी जुळत नसेल, तर चांगला निरीक्षक ते वहीत खोडत नाही. सळ्या पुन्हा ठोकून मोजतो आणि दोन्ही आकडे वेळेसह लिहून ठेवतो.

पदव्युत्तर प्रवेश: जॅम आणि इतर परीक्षा

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षात असतानाच जॅम ही आयआयटींमधील एमएस्सी प्रवेशाची परीक्षा देता येते. ती फेब्रुवारीत होते, अर्ज त्याआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात. तीन तासांत ६० प्रश्न आणि १०० गुण असे तिचे स्वरूप आहे. त्यांतील ३० प्रश्न एकच पर्याय बरोबर असलेले, १० प्रश्न एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणारे आणि २० प्रश्न संख्या टंकित करून उत्तर द्यायचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात ते फक्त पहिल्या प्रकारात. आयआयटी मुंबईची दोन वर्षांची अप्लाइड जिओफिजिक्समधील एमएस्सी आणि धनबादचा याच विषयातील अभ्यासक्रम या परीक्षेतून मिळतो. कोणत्या अभ्यासक्रमाला भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका चालते आणि कोणत्या अभ्यासक्रमाला भूशास्त्राची, हे त्या वर्षीच्या पुस्तिकेत पाहूनच अर्ज भरावा. तयारी दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यापासून करावी, आणि जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. आपल्या विद्यापीठीय परीक्षेची सवय लांब उत्तरे लिहिण्याची असल्याने वेगाचा प्रश्न हमखास येतो.

आयआयटीच्या बाहेरही जुने आणि भक्कम विभाग आहेत, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे ही मोठी चूक ठरते. बनारस हिंदू विद्यापीठाचा तीन वर्षांचा एमएस्सी टेक भूभौतिकी अभ्यासक्रम सीयूईटी-पीजी या केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून मिळतो. विशाखापट्टणमचे आंध्र विद्यापीठ, हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ आणि कुरुक्षेत्र विद्यापीठ येथे भूभौतिकी शिकवली जाते. कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात सागरी भूभौतिकीचा अभ्यासक्रम आहे. भुसावळ जंक्शनवरून वाराणसी आणि खरगपूरकडे थेट गाड्या मिळतात, त्यामुळे 'फार लांब पडते' ही घरच्यांची हरकत निदान प्रवासापुरती तरी दूर करता येते.

कागदपत्रे आणि खर्च

या भागात विद्यार्थ्यांचे नुकसान गुणांपेक्षा कागदपत्रांमुळे अधिक होते. केंद्रीय संस्थांना ओबीसी नॉन-क्रीमीलेयरचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षातील लागते; राज्याच्या प्रवेशासाठी काढलेले प्रमाणपत्र तिथे चालत नाही. राज्यात विमुक्त किंवा भटक्या जमातींत मोडणाऱ्या अनेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसीमध्ये येतात, म्हणून आपल्या जातीची केंद्रीय यादीतील नोंद आधी तपासावी. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव बारावीतच दाखल करावा, कारण पडताळणी समितीत पुरावे जमवण्यात बराच काळ जातो.

खर्चासाठी राज्याच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. केंद्राच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीच्या विषयांत भूभौतिकीचा उल्लेख आहे. ओएनजीसीच्या शिष्यवृत्ती योजनेत भूशास्त्र व भूभौतिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही स्थान आहे. तिचा अर्ज पहिल्याच वर्षात करायचा असतो.

पदव्युत्तर वर्गात बसल्यावर

पहिल्या सत्रात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला खनिजे, खडक आणि नकाशे परके वाटतात. या काळात प्रयोगशाळेतील खडकांचे नमुने हातात घेऊन रोज अर्धा तास पाहावेत. पुस्तकातील वर्णनाने बेसाल्ट आणि डोलेराइट ओळखता येत नाहीत. त्यानंतर गुरुत्वीय, चुंबकीय, भूकंपीय, विद्युत आणि विद्युतचुंबकीय पद्धती, कूपमापन (कूपनलिकेत यंत्र सोडून केलेली मोजणी), भूकंपशास्त्र आणि संकेतप्रक्रिया (नोंदींतील गोंगाट वेगळा काढणे) असे विषय येतात. प्रत्येक पद्धतीत चूक कुठून येते, हे पहिल्यांदा विचारावे. गुरुत्वीय सर्वेक्षणात उंची एका मीटरने चुकली, तर दुरुस्त्यांनंतरही सुमारे ०.२ मिलीगॅलची (मिलीगॅल हे गुरुत्वमोजणीचे एकक) चूक शिल्लक राहते, आणि शोधायची विसंगती, म्हणजे खालच्या खडकांमुळे पडणारा फरक, कधीकधी तेवढीच असते. मग महागड्या गुरुत्वमापकाइतकेच महत्त्व उंचीच्या मोजणीला येते.

संगणकाची भाषा आधीच शिकलेली असावी. पायथॉन विनामूल्य आहे, साध्या लॅपटॉपवर चालते, आणि भूकंपशास्त्रासाठी ऑब्स्पाय ही तयार संहिता तिच्यात वापरता येते. बीएस्सीच्या सुट्टीत आंतरराष्ट्रीय माहिती केंद्रातून एखाद्या भूकंपाची नोंद उतरवून घ्यावी आणि पी (आधी पोचणाऱ्या) व एस (मागून येणाऱ्या) लहरी कधी पोचल्या ते स्वतः ओळखावे. जवळच्या भूकंपासाठी त्या दोन वेळांतील सेकंदांना आठाने गुणले की अंतर ढोबळपणे किलोमीटरमध्ये मिळते. जळगावपासून कोयनेचे सरळ अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर आहे. म्हणजे तिथला धक्का इथल्या यंत्रावर नोंदला, तर दोन लहरींत साधारण ५५ सेकंदांचे अंतर पडेल.

क्षेत्रशिबिर हा अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग असतो. केबलची रिळे आणि बॅटरी वाहून नेणे, उन्हात दिवसभर चालणे हे सर्वांनाच करावे लागते आणि मुली ते तितक्याच समर्थपणे करतात. पालकांना शिबिराचे वेळापत्रक व मुक्कामाची जागा विभागाकडून लेखी मागवून दाखवली, की बहुतेक शंका मिटतात. प्रबंधासाठी विषय निवडताना तापीचा गाळ किंवा धुळ्याचे डाइक सुचवायला संकोच करू नये. ओळखीच्या गावात शेतात शिरण्याची परवानगी, विहिरींच्या नोंदी आणि मदतीला माणसे सहज मिळतात.

पुढे काय

केंद्रीय लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा ही या शाखेची मुख्य सरकारी परीक्षा आहे. तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूभौतिकशास्त्रज्ञ आणि केंद्रीय भूजल मंडळात वैज्ञानिक अशी पदे भरतात. पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाला १०० आणि विषयाला ३०० गुण असतात, मुख्य परीक्षेत प्रत्येकी २०० गुणांचे तीन वर्णनात्मक पेपर आणि शेवटी २०० गुणांची मुलाखत. भूभौतिकशास्त्रज्ञ या पदाला भौतिकशास्त्रातील एमएस्सीही पात्र धरली जाते. भूभौतिकीला प्रवेश न मिळाल्याने जळगावातच भौतिकशास्त्रात एमएस्सी करणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

ओएनजीसी, ऑइल इंडिया आणि अणुखनिज संचालनालय येथेही भूभौतिकीची पदे असतात. तेल क्षेत्रातील भरती कच्च्या तेलाच्या भावाबरोबर वर-खाली होते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. खाजगी क्षेत्रात मेट्रो, बोगदे आणि धरणे यांच्या पायाच्या सर्वेक्षणाची कामे मिळतात. गेट या अभियांत्रिकी व विज्ञान विषयांच्या राष्ट्रीय परीक्षेत भूशास्त्र व भूभौतिकी असा एकत्र पेपर असून दुसऱ्या भागात भूभौतिकी निवडता येते, आणि त्याचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात. संशोधन करायचे असेल, तर सीएसआयआर-नेट या संशोधन अधिछात्रवृत्तीच्या पात्रता परीक्षेत भू, वातावरण, सागर व ग्रह विज्ञान हा विषय घ्यावा. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे अशी आहे. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था आणि नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था या दोन ठिकाणी पीएचडीसाठी अर्ज करताना मार्गदर्शकाला आधी ईमेल पाठवावा. त्यात गुणपत्रिकेपेक्षा आपण कोणती मोजणी केली, कोणती माहिती वापरली आणि कोणता भाग सुटला नाही हे चार-पाच वाक्यांत लिहावे, आणि सोबत प्रबंधातील एखादा आलेख त्याच्या मोजमापांच्या तक्त्यासह जोडावा.